पांढऱ्या टाक्यावरची सुमनआत्या

आमच्या वाडीत कुणी नवं घर बांधलं की घरभरणीच्या आमंत्रणात एक नाव शेवटपर्यंत लटकत राहतं. सुमनआत्याला बोलवायचं की नाही? न बोलवावं तर वाईट दिसतं, कारण ती साऱ्या वाडीची आत्या. आणि बोलवावं, तर ती येते. येताना पर्समध्ये डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी झालेली बाटली घेऊन येते. रिकामी म्हणजे औषध संपलेली. आत ॲसिड असतं.

विकासच्या घरभरणीला मी स्वतः हजर होते. विकास म्हणजे आमचा आत्ताचा सरपंच; तेव्हा तो नुसताच विकास होता. हॉलभर संगमरवर घातला होता आणि येईल त्याला "राजस्थानवरून मागवलाय" म्हणून सांगत होता. आत्या आली, बाहेर चपला काढल्या, हातावर ठेवलेला पेढा खाल्ला आणि हॉलच्या मधोमध गुडघे टेकून खाली वाकली. कुणाला वाटलं चक्कर आली. कुणाला वाटलं, नव्या वास्तूला नमस्कार करतेय. तिनं पर्समधून बाटली काढली आणि फरशीवर एक थेंब सोडला. थेंब फसफसला.

"अभिनंदन, विकास!" आत्या ओरडली. "खरा आहे! फसवलं नाय तुला त्यानं!"

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. थेंब पुसला, तर खाली रुपयाएवढा पांढुरका डाग. त्या चकचकीत हॉलच्या बरोबर मध्यावर. विकासच्या बायकोनं तो घालवायला लिंबू चोळलं, तर डाग ताटलीएवढा झाला. आत्याला हे कळलं तेव्हा ती हळहळली, पण डागासाठी नव्हे. "लिंबूसुद्धा ॲसिडच गो," ती म्हणाली, "मला विचारायचं तरी!" आता त्या जागेवर प्लॅस्टिकच्या फुलांची मोठी कुंडी आहे. टीव्ही बघायला बसणारे मान वाकडी करून बसतात.

ती बाटली मीच तिला दिलेली. टोकावड्याला माझं औषधांचं दुकान आहे, माळशेजच्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्यापाशी. वैशाखऱ्याच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत आमची वाडी, तिथून मी रोज स्कूटीनं दुकानात येते. आत्या कधी माझ्या मागे बसून येते, कधी एसटीनं. आणि आली की दुकानातल्या स्टुलावर बसते. तिला बोलायला माणसं लागतात आणि माझ्याकडे दिवसभर माणसं येतात, असा तिचा सरळ हिशोब.

आत्या वाडीतली कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. घर खालच्या आळीत, बुद्धविहाराला लागून. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मुंबईच्या एका कॉलेजात जन्मभर तेच शिकवलं. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर मुंबईची खोली सोडून टेम्पो करून गावी आली, तेव्हा टेम्पोत एक खाट, एक कपाट आणि बाकी सगळे दगड. उतरवून उतरवून ड्रायव्हरची कंबर मोडली. तो डोंगराकडे बघून म्हणाला, "बाई, हितं दगड काय कमी हायेत काय?"

"आहेत. पण हे माझे आहेत," आत्या म्हणाली.

तिच्या घरी कुठलाही डबा उघडायची सोय नाही. लाडवाच्या डब्यात गारगोट्या, चहाच्या डब्यात स्फटिक, आणि 'नमुने' असं लिहिलेल्या डब्यात चहा. पाहुण्याला ती कौतुकानं एखादा दगड हातात देते आणि म्हणते, "चाटून बघ." स्वतः चाटते. ओला केला की रंग कळतो म्हणे, आणि चुनखडी जिभेला कशी लागते ते एकदा कळलं की माणूस विसरत नाही. एसटीच्या कंडक्टरनं एकदा तिची पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, "आत काय?" ही म्हणाली, "सात कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा." त्यानं लगेजचं तिकीट फाडलं.

तिचं एक पालुपद आहे: "परिस्थिती सांग." दुकानात कुणी पोट दुखतंय म्हणून गोळी मागितली, की माझ्या आधी स्टुलावरून आवाज येतो, "परिस्थिती सांग आधी. काय खाल्लंस? पाणी कुठलं प्यालास? भांडं कसलं होतं?" माणूस बिचारा गोळी न घेताच जातो. मी एकदा वैतागून म्हटलं, "आत्या, माझं गिऱ्हाईक पळवताय तुम्ही." तर म्हणाली, "नीता, कुठलीही गोष्ट एकटी नसते. सभोवती काय आहे त्यावर ती कशी वागणार ते ठरतं. हे मी तीस वर्षं शिकवलं, आणि पोरांनी परीक्षेत फक्त व्याख्या लिहिली."

माझ्या नणंदेला बघायला शहापूरचं स्थळ आलं होतं, तेव्हा आत्या वडीलधारी म्हणून बसली होती. मुलाची आई सांगत होती, "आमचा पोरगा एकदम शांत. कधी आवाज चढवायचा नाय."

"कुठल्या परिस्थितीत?" आत्यानं विचारलं.

"म्हंजे?"

"शांत आहे म्हणता. कुठल्या परिस्थितीत? भूक लागल्यावर? भात कच्चा राहिल्यावर? पगार उशिरा झाल्यावर? सगळं आपल्या मनासारखं असताना तर बिबट्यासुद्धा शांत असतो."

आम्हाला वाटलं, गेलं स्थळ. पण मुलाची आईच हसायला लागली आणि म्हणाली, "खरं सांगू का? भूक लागली का लय किरकिर करतो." ते लग्न झालं. नणंद सुखात आहे. वेळेवर जेवायला वाढते.

आता तिच्या खऱ्या वेडाकडे येते. ते वेड म्हणजे सोमल. आर्सेनिक. तरुणपणी तिनं पीएच.डी.ला हाच विषय घेतला होता: चुनखडीसारख्या खनिजांत अडकून पडलेलं आर्सेनिक कुठल्या परिस्थितीत आत राहतं आणि कुठल्या परिस्थितीत सुटतं. पुढे शिकवणं, आईचं आजारपण, भावाची पोरं, यात ते राहून गेलं. विषय मात्र सुटला नाही. एकदा पावसाचे दिवस, दुकानात कुणी नाही, तेव्हा तिनं मला ते समजावलं. समोरच्या हॉटेलातून चिरोटा मागवला होता, तोच हातात घेतला.

"हे बघ. झऱ्याच्या पाण्यातून चुना बसतो तो असा, पदरावर पदर. बसताना पाण्यात जे काय बारीकसारीक असेल ते पदरात अडकतं. सोमलाचा कण असेल तर तोही. अडकला की गप पडून राहतो. शे-दोनशे वर्षं, हजार वर्षं. त्रास नाय कुणाला. उलट पाणी तेवढं स्वच्छ होतं. आता बघ." तिनं चिरोटा चहात बुडवला. पदर सुटून कपभर झाले. "पाणी आंबट झालं की असं. नुसतं ॲसिडच पाहिजे असं नाय. पाला कुजला, शेण पडलं, हवा लागेनाशी झाली, तरी पाण्याची तऱ्हा बदलते. शेतातलं खत वाहून आलं तर अजून वेगळं. खतातला फॉस्फेट म्हणजे सोमलाचा जुळा भाऊ असल्यासारखा. तो त्याच्या जागेवर बसतो आणि याला बाहेर ढकलतो."

"मग आपल्याकडच्या चुनखडीत सोमल आहे?"

"आपला कातळ काळा. यात फार नसावा. पण नसावा आणि नाही यात फरक आहे." मग कपात बघत म्हणाली, "चहा वाया गेला गो."

आता आमचं पांढरं टाकं. वाडीच्या वर, डोंगराच्या पायथ्याला एक झरा आहे, आणि त्याखाली कातळात खोदलेलं जुनं टाकं. झऱ्याचं पाणी ज्या भिंतीवरून उतरतं ती भिंत आणि टाक्याच्या पायऱ्या पांढऱ्या शुभ्र थरानं मढलेल्या. कुणी पिठाचा हात फिरवावा तशा. बाहेर वाहून जाणारं पाणी जिथून खाली उतरतं तिथले धोंडेही पांढरे. नळ आले वाडीला, पण उन्हाळ्यात नळाला फक्त हवा येते. मग सगळ्या बायका हंडे घेऊन टाक्यावर. टाकं कधी आटलेलं कुणी बघितलं नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर विकासच्या डोक्यात आलं, की माळशेजला जाणारे पर्यटक वाडीत थांबले पाहिजेत. त्यासाठी टाक्याचा 'पॉइंट' करायचा. पायऱ्यांना रंग, वर दिवे, बदामाचा आकार आणि वाडीचं नाव. पण रंग त्या पांढऱ्या थरावर बसेना. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीनं सांगितलं, "ॲसिड मारा. तासाभरात मूळ दगड दिसंल."

मी दुकान उघडत होते तेवढ्यात सासूबाईंचा फोन. आमच्या सासूबाई शब्द मोजून वापरतात. म्हणाल्या, "अगो नीता, तुजी ती आत्या टाक्यात बसलीय." आणि फोन ठेवला.

मी तशीच परत फिरले. टाक्यावर निम्मी वाडी जमलेली. ॲसिडचे कॅन पायरीवर मांडलेले. आणि टाक्यात, गुडघाभर पाण्यात, खालच्या पायरीवर आत्या बसलेली. डोक्यावर छत्री, मांडीवर पर्स.

"आत्या, बाहेर या ना," विकास विनवत होता. "लोक बघतायत."

"लोकांनी पाहावे, याचसाठी मी येथे बसले आहे," आत्या म्हणाली. मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे. आत्या खुशीत असली की गावचं बोलते आणि संतापली की पाठ्यपुस्तकासारखं.

"अवो, साधं फरशीचं ॲसिड हाय. मंग धुवून काढू ना पाण्यानं."

"ते धुतलेले पाणी कोठे जाईल? याच टाक्यात. आणि त्या थराच्या पोटात काय आहे हे तुला ठाऊक आहे काय?"

"काय हाय?"

"मलाही ठाऊक नाही. म्हणूनच विचारते. सोमल असू शकतो. न तपासता तू एवढ्या वर्षांचा थर एका सकाळीत विरघळवणार, आणि ते या बायका हंड्यात भरून नेणार!"

विकासला नेमकी ती कुंडी आठवली असावी. "आत्या, आमच्या फरशीवर ॲसिड टाकलंत तेव्हा नाय काय तुमाला परिस्थिती आठवली!"

लोक खो खो हसले. आत्यासुद्धा क्षणभर हसली, आणि त्या हसण्यात तिची भाषा घसरून पुन्हा गावावर आली. "तो एक थेंब व्हता रे माज्या राजा. आणि तुजी फरशी कुणी पीत नाय. ऐक माझं. मी तपासते, इथंच, सगळ्यांच्या देखत. काय नाय निघालं तर मी सोता ब्रश घेऊन घासायला येते."

हे विकासला पटलं. आत्यानं मला घरी पिटाळलं. "सोमल तपासायचं किट कपाटात आहे. साबुदाण्याच्या डब्यात." मी गेले, साबुदाण्याच्या डब्यात साबुदाणाच होता. म्हणजे ती अगदीच सैरभैर झाली होती. किट सापडलं तांदळाच्या डब्यात.

टाक्याच्या कठड्यावर आत्यानं प्रयोगशाळा मांडली. आधी सगळ्यांना लांब, वारा येतो त्या बाजूला उभं केलं, बाटलीतला वायू नाकात जायला नको म्हणून. बाटलीत टाक्याचं पाणी, त्यात कसली पूड, मग जस्ताची भुकटी, आणि बुचात एक पांढरी कागदी पट्टी. "सोमल असला तर कागद पिवळा पडंल," तिनं सांगितलं. मग वाट बघणं. कुणीतरी तेवढ्यात चहा आणला. आत्यानं कागद काढून उन्हात धरला. पांढरा.

"बघा!" विकास म्हणाला. "पाण्यात काय नाय."

"चांगलंच आहे की! मी पण तेच बोलते. पाणी चांगलं आहे. आता दुसरं."

तिनं भिंतीवरचा पापुद्रा खरवडून विकासच्याच कॅनमधल्या ॲसिडात टाकला. तो असा फसफसला की पुढचे दोघे मागे सरले. त्यातलं थोडं पाण्यात मिसळून पुन्हा भुकटी, पुन्हा पट्टी, पुन्हा वाट. या वेळी चहा आणायला कुणी हललं नाही. आत्यानं कागद काढला. हळदीचं बोट पुसल्यासारखा पिवळा. अगदी फिका, पण पिवळा.

मी आत्याच्या तोंडाकडे बघत होते. जो रंग बघायचा तिच्या आयुष्यात राहून गेला होता तो तिच्या हातात होता. मला वाटलं ती ओरडेल, नाचेल. ती नुसती बघत राहिली. चष्मा वर केला, खाली केला. मग हळूच म्हणाली, "आहे गो."

आणि मागून कुणीतरी किंचाळलं, "सोमल! टाक्यात सोमल!"

झालं. विकासनं त्याच पावली कॅन परत पाठवले, हे चांगलं झालं. पण दुपारपर्यंत वाडीतल्या प्रत्येक घरानं टाक्याचं पाणी अंगणात ओतून दिलं. संध्याकाळपर्यंत टोकावड्यात बातमी होती की आमच्या वाडीत विषबाधा झाली. मला दुकानात लोक विचारायला लागले, सोमलावर गोळी कुठली? एकीनं तर जावेनंच टाकला असणार म्हणून भांडण काढलं.

आत्या घरोघर फिरत होती. "अरे बाबांनो, पाण्यात नाय, थरात आहे! थरात आहे म्हणूनच पाण्यात नाय! थराला हात लावू नका, पाणी प्या!" हे वाक्य तिला सोपं वाटत होतं. लोकांना त्यातलं 'आहे' तेवढं ऐकू येत होतं. तिनं नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. पाणी पिण्यास योग्य, असं उत्तर आलं. ते पंचायतीच्या फळ्यावर लावलं, तर लोक म्हणाले, "मॅनेज केलंय." आधी तिच्या भीतीवर कुणाचा विश्वास नव्हता, आता तिच्या दिलाशावर नव्हता.

उन्हाळा वाढला. नळ बंद पडले. बायका भर उन्हात नदीच्या डोहावरून पाणी आणू लागल्या. ते गढूळ पाणी पिऊन पोरांना जुलाब झाले आणि माझ्या दुकानातली ओआरएसची पाकिटं संपली. शंभर पावलांवर चांगल्या पाण्याचं टाकं भरून वाहत होतं आणि त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. मी आत्याला एवढी खचलेली कधीच बघितली नव्हती. स्टुलावर बसायची, पण गिऱ्हाइकाला काही विचारायची नाही. लोक आता पोटाच्याच तक्रारी सांगायचे, तरी नाही.

मग एका सकाळी ती उठली, हातात तांब्या घेतला आणि टाक्यावर जाऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, घटाघटा पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज.

मी म्हटलं, "आत्या, यानं काय सिद्ध होतं?"

"काही नाय. असलं विष शरीरात वर्षानुवर्षं साठतं तेव्हा कुठे दिसतं. विज्ञानात माझ्या पिण्याला शून्य किंमत. पण लोकांना कागद कळत नाय नीता, घसा कळतो."

वाडीला एक नवा विरंगुळा झाला. सकाळी दुकानात येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "आत्या हाय काय अजून?" पोरं तिचे तळहात उलटेपालटे करून डाग शोधायची, आणि एक दिवस खरंच काळा डाग सापडला तेव्हा हाहाकार झाला. तो जांभळाचा निघाला. एक म्हातारा रोज येऊन लांबून बसायचा आणि ती प्यायली की मान हलवून निघून जायचा. कुणाच्या तरी दोन शेळ्या दावं तोडून टाक्यावर गेल्या आणि पोटभर पाणी प्यायल्या. मालकीण रडायला लागली. शेळ्या ठणठणीत. पुढे एकीला दोन करडं झाली, तेव्हा वाडीचं मत हळूहळू फिरायला लागलं.

सगळ्यांत आधी आला विकास. गर्दीची वेळ बघून आला, ओंजळ भरून प्यायला, आणि आत्याकडे न बघता म्हणाला, "बोर्ड लावायचा हाय. काय लिवायचं सांगा."

आत्यानं सांगितलं. पेंटर दोन दिवस लिहीत होता. साबण लावू नये, भांडी घासू नयेत, निर्माल्य टाकू नये, गुरं धुऊ नयेत, पाला कुजू देऊ नये, वरच्या शेतात खत टाकताना बांध घालावा, थर खरवडू नये, आणि शेवटी, 'पाणी उत्तम आहे, निर्धास्त प्यावे.' बोर्ड टाक्यापेक्षा उंच झाला. आता माळशेजला जाणारे पर्यटक खरंच थांबतात आणि त्या बोर्डासमोर उभं राहून फोटो काढतात. विकासला त्याचा पॉइंट मिळाला.

एकेक करून बायका परतल्या. पण आधी आत्या प्यायल्याशिवाय कुणी हंडा बुडवायचं नाही, असा आपोआप रिवाजच पडला. आत्याला उशीर झाला की बायका पायऱ्यांवर वाट बघत बसायच्या. "आत्या आली काय? मंग भरा."

आमच्या सासूबाई मात्र जायला तयार नव्हत्या. घरात टाक्याचं पाणी आलं तरी त्या माठाला हात लावायच्या नाहीत, डोहाचं उकळून प्यायच्या. मला वाटायचं, भीती. एका सकाळी आपण होऊन म्हणाल्या, "चल, मला टाक्यावर ने." त्यांचे गुडघे दुखतात, तरी हात धरून आल्या. वर पोचलो तेव्हा बायका पाणी भरून गेल्या होत्या आणि आत्या एकटीच पायरीवर बसून पॅंटच्या गुंडाळलेल्या कडा पिळत होती.

"वयनी!" आत्या उठून उभी राहिली. "तू कुठं आलीस एवढी चढून?"

सासूबाईंनी पदर खोचला, वाकल्या, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि आत्याच्या पुढे धरली. "सुमन, तू घाल गो पाणी."

मला काही कळलं नाही. मला वाटलं, गुडघ्यांमुळे त्यांना पाण्यापर्यंत उतरवत नसेल. पण आत्याचा तांब्या हवेतच थांबला होता. दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

तांब्या खाली ठेवून आत्या म्हणाली, "नाय वयनी. तसं नको." तिनं सासूबाईंचा दंड धरला, एकेक पायरी उतरवून त्यांना पाण्यापर्यंत नेलं. "हात हायेत ना तुला? सोता घे. आता हितं कुणी कुणाला घालायचं नाय."

सासूबाईंनी स्वतःच्या हातानं पाणी घेतलं. प्यायल्या. तोंडावरून ओला हात फिरवला आणि तिथंच पायरीवर बसल्या. मग टाक्याच्या खालच्या अंगाला, जिथून पाणी बाहेर वाहतं तिकडे बघत म्हणाल्या, "तुजी आय तितं बसायची. त्या करवंदीच्या जाळीपाशी. मी नवी नवरी व्हते तवा. कोन येतंय आनि घालतंय म्हनून वाट बघत. उन्हातान्हात."

"मी पण असायची," आत्या म्हणाली. "तिच्या कडेला."

"मला ठावं हाय. तू धोंडं कुरतडीत बसायचीस."

"मग काय करणार? टाइम जायचा नाय." आत्या हसली. "खिळ्यानं तो पांढरा थर काढायची आणि जिभेवर ठेवायची. आय ओरडायची, माती खाऊ नको. मी म्हणायची, आय, ही माती नाय, ही वेगळी लागते. आमच्या आळीनं वर चढून बघायचं नाय ना टाक्यात काय आहे ते, मग खाली जे येईल तेच बघत बसायचं."

मी लग्न होऊन या वाडीत आले त्याला वीस वर्षं होऊन गेली. आत्या रोज माझ्या दुकानात बसते. लाव्हा, चुना, सोमल, सगळं मला तिनं सांगितलं. हे कधीच सांगितलं नव्हतं. आणि सासूबाईंनीही नाही.

आत्यानं तांब्या पाण्यात बुडवून काठोकाठ भरला आणि टाक्याच्या बाजूनं खाली उतरली. तिला उतार आता झेपत नाही. हाताचा आधार घेत, धोंडे चाचपत गेली. करवंदीच्या जाळीपाशी थोडी थांबली. मग खाली बसली आणि तो तांब्या तिथल्या पांढऱ्या धोंड्यांवर हळूहळू ओतला, कुणाच्या तरी ओंजळीत घालावा तसा, सांडू न देता.

ती वर आली तेव्हा चष्मा पदराला पुसायला म्हणून हात गेला, पण पॅंट-कुडत्याला पदर नव्हता. सासूबाईंनी स्वतःच्या पदराचं टोक पुढे केलं, आणि सरकून पायरीवर तिला जागा करून दिली.